आत्याची वही आणि चौथा रकाना

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. कारण नेहमीचंच, आळस. पण परवा नाशिकच्या काकूंचा फोन आला, "अरे, तू म्हणे कॉम्प्युटरला आपोआप कामं करायला शिकवतोस, मग आमचं लाइटबिल, गॅस आणि घरपट्टी तेवढी लावून दे ना!" मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. का नुसतं "बघतो" म्हणालो, ते इथे सविस्तर लिहितो. काकू हे वाचतातच, त्यामुळे वेगळा फोन करायला नको :-)

तर झालं असं.

आमची आत्या मिरजेला असते. वय ७६, निवृत्त शिक्षिका, शिस्तीला कडक. तिला काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब दर तीन महिन्यांनी तपासून घ्यावा लागतो आणि ती त्यासाठी पुण्याला आमच्याकडे येते, कारण तिचा विश्वास इथल्याच एका डॉक्टरांवर आहे. त्या रुग्णालयाची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते. रोज सकाळी आठ वाजता काही वेळा खुल्या होतात आणि दहा-पंधरा मिनिटांत संपतात. आज नाही मिळाली तर उद्या पुन्हा आठ वाजता बसायचं. असे पाच-सहा दिवस गेल्यावर एखाद दिवशी लागते.

सुरुवातीला हे आत्या स्वतः करायची. मी तिला एका दिवाळीत सगळं शिकवलं होतं आणि तिने ते एका वहीत उतरवून घेतलं होतं. नंतर मात्र तिला पडद्यावरचं बारीक दिसेना आणि आठच्या शर्यतीत ती मागे पडायला लागली. तेव्हा अस्मादिकांनी पुढाकार घेतला. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. संकेतस्थळं नीट चालतात की नाही हे तपासण्यासाठी ब्राउझरला आपोआप चालवणारी जी अवजारं असतात, ती आमच्या रोजच्या वापरातली. म्हटलं, आत्यासाठी एक छोटीशी स्क्रिप्ट लिहू. २०२३ च्या पावसाळ्यात दोन रविवार घालवून ती लिहिली. रोज आठ वाजता घरचा संगणक आपणहून ते पान उघडायचा, आत्याचा नोंदणी क्रमांक भरायचा, दिनदर्शिकेतल्या गुरुवारच्या रकान्यात हिरवी तारीख दिसली की ती निवडायचा, वेळ घ्यायचा आणि मला निरोप पाठवायचा. गुरुवार का, तर त्या दिवशी मी घरून काम करतो आणि तिला घेऊन जाऊ शकतो.

वर्षभर उत्तम चाललं. मी नातेवाइकांत थोडा भाव खाल्ला, हेही कबूल करतो.

२०२४ च्या जुलैअखेरीस स्क्रिप्टने निरोप दिला : झालं, गुरुवार ८ ऑगस्ट. आत्या बुधवारी रात्रीच्या एसटीने निघाली (पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, आणि ती हे दर वेळी आनंदाने सांगते), पहाटे स्वारगेटला उतरली. साडेनऊला आम्ही रुग्णालयाच्या खिडकीशी. तिथल्या मुलीने क्रमांक घातला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजी, काल होती तुमची."

काल!

मी हुज्जत घातली. मोबाइल काढून दाखवायला गेलो तर त्यांचाच संदेश माझ्याकडे पडून होता, दोन आठवडे. त्यात स्वच्छ ७ तारीख लिहिलेली. मी "कन्फर्म्ड" हा शब्द पाहून अंगठ्याने बाजूला सारला होता. माझ्या स्क्रिप्टने गुरुवार सांगितला होता ना, मग त्यांचं कशाला वाचायचं?

घरी येऊन पाहिलं तेव्हा उलगडा झाला. त्या मंडळींनी पान नव्याने सजवलं होतं. आधी दिनदर्शिकेचा आठवडा सोमवारपासून सुरू व्हायचा, आता रविवारपासून. माझ्या स्क्रिप्टला 'गुरुवार' माहीतच नव्हता. तिला माहीत होता चौथा रकाना. सोमवारपासून मोजलं तर चौथा गुरुवार, रविवारपासून मोजलं तर चौथा बुधवार. तिने इमानेइतबारे दुसऱ्या ओळीतलं चौथं घर दाबलं आणि ७ तारीख घेतली. आणि मला निरोप पाठवताना पडद्यावर काय उमटलं ते वाचलंच नाही, कारण मी तिला ते वाचायला सांगितलं नव्हतं. त्या आठवड्याचा गुरुवार कुठला, हे तिने स्वतःच हिशोब करून काढलं आणि कळवलं. म्हणजे काय झालं ते सांगितलं नाही, काय व्हायला हवं होतं ते सांगितलं.

दोष रुग्णालयाचा नाही. पान बदलायचा त्यांना पूर्ण हक्क आहे आणि त्यांनी योग्य तारीख कळवलीही होती. दोष माझा.

पुढची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली. तेव्हा दाब २६ निघाला. साधारण १० ते २१ च्या दरम्यान असावा लागतो. थेंब बदलले, आता आटोक्यात आहे. पण काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आणि त्या तीन आठवड्यांत काही गेलं का, किती गेलं, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आत्या मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. ही स्वयंचलित अवजारं बनवतं कोण आणि कुणासाठी? सेलेनियम या अवजाराचीच गोष्ट घ्या. २००४ साली शिकागोत, थॉटवर्क्स या कंपनीत जेसन हगिन्सने ते सुरू केलं, तपासणीच्या कामासाठी. नावामागे एक गंमत आहे. तेव्हा या धंद्यात मर्क्युरी नावाची मोठी कंपनी होती आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम घेतात, म्हणून हे नाव! पुढे गूगलचं पपेटिअर आलं २०१७ मध्ये, मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट २०२० मध्ये. सगळी एकापेक्षा एक सरस. पण सगळी माझ्यासारख्यांसाठी. आमची गरज अशी असते की शंभर पानं पटापट उघडावीत आणि चुकलं तर लाल खूण यावी. चुकणं हाच तर आमचा धंदा. आमच्याकडे स्क्रिप्ट चुकली तर कुणाची एसटी वाया जात नाही.

घरातल्या माणसाची गरज निराळी असते, आणि ती काय हे मला आत्याच्या वहीने शिकवलं. त्या ऑगस्टमध्ये ती वही मी पहिल्यांदा नीट वाचली. शंभर पानी, चौकोनी, वर 'संगणक' असं सुवाच्य अक्षरात. त्यातलं वेळ घेण्याचं पान असं आहे : "पान उघडले की खाली जाणे. निळे बटण. नंबर घालणे (चष्म्याच्या डबीत चिठ्ठी आहे). चाक फिरते तेव्हा काहीही दाबू नये. तारीख आली की मोठ्याने वाचणे. वार गुरुवारच आहे ना पाहणे. नसेल तर मागे. मगच हिरवे दाबणे. मोबाइलवर निरोप आला की तारीख पुन्हा ताडून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण."

मी वीस वर्षं या धंद्यात आहे. 'चाक फिरते तेव्हा काहीही दाबू नये' या एका ओळीपायी दोनदा पैसे कापले गेल्याच्या किती तक्रारी टळतील, विचारा कुणाही बँकवाल्याला. आणि 'वार गुरुवारच आहे ना पाहणे' ही ओळ माझ्या स्क्रिप्टमध्ये असती तर हे पोस्ट लिहायची वेळच आली नसती. मी तिची कृती उचलली, पण तिची खात्री करून घेण्याची सवय गाळली. मला ती वेळखाऊ वाटली होती.

असं काही कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. आयबीएमच्या अल्माडेन इथल्या संशोधन केंद्रात २००७ च्या सुमारास एक अवजार तयार झालं होतं, आधी त्याचं नाव कोआला, मग कोस्क्रिप्टर. तुम्ही ब्राउझरमध्ये जे जे कराल ते ते साध्या इंग्रजी वाक्यांत उतरवून ठेवायचं. अमुक पानावर जा, 'शोधा' असं लिहिलेलं बटण दाबा, 'नाव' लिहिलेल्या चौकटीत हे भरा. तीच वाक्यं माणसाला वाचता यायची आणि तीच यंत्राला चालवता यायची. हवं तर एकेक पायरी थांबत थांबत चालवा. थोडक्यात आत्याची वही! दुसऱ्याची वाक्यं घेऊन आपण वापरायची सोयही होती. ते टिकलं नाही. तशी या जातीची अवजारं फारशी टिकतच नाहीत. याहू पाइप्स २००७ मध्ये आलं, २०१५ मध्ये बंद झालं. फायरफॉक्सची जुन्या पद्धतीची सगळी जोडअवजारं २०१७ च्या नोव्हेंबरात ५७ वी आवृत्ती आली त्या दिवशी मुकी झाली, आणि त्यांवर बेतलेली लोकांची घरगुती स्वयंपाकघरंही. घरच्या माणसाने आपली दिनचर्या अशा एखाद्या अवजाराला बांधली आणि ते एक दिवस गुपचूप गेलं, तर त्याने काय करायचं? वही उरते, हेच तिचं मोठेपण. अवजाराने आपलं शहाणपण माणसाला वाचता येईल अशा भाषेत मागे ठेवायला हवं, आणि ती भाषा मराठीही असायला हवी.

दुसरी गोष्ट नावांची. रकाना चौथा, बटण तिसरं, पडद्याच्या डावीकडून इतक्या अंतरावर, ही झाली जागा. 'गुरुवार' हे झालं नाव. घर शोधताना 'डावीकडचं पाचवं' म्हणून गेलात आणि मध्ये कुणी टपरी टाकली की चुकलात. पण यात संकेतस्थळवाल्यांचाही वाटा आहे. कित्येक पानांवर बटणाला नावच नसतं, नुसतं चित्र असतं. अंध माणूस वाचक-प्रणालीने ते पान ऐकतो तेव्हा त्याला नुसतं 'बटण, बटण, बटण' ऐकू येतं. स्क्रिप्टचीही तीच गत, म्हणून ती जागा धरून बसते. अंधांसाठी बटणांना नीट नावं दिली तर यंत्रांचीही सोय आपोआप होते. आपल्याकडे सरकारी संकेतस्थळांसाठी अशा सोयींची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. ती कितपत पाळली जातात ते एखादा दाखला काढायला बसलात की कळेल. असो.

आता तिसरी, मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ती अवजारांच्या जगात नाही, रिझर्व्ह बँकेच्या नियमांत सापडली. कार्डावरून दरमहा आपोआप पैसे जाण्याचे जे प्रकार असतात, त्यांना १ ऑक्टोबर २०२१ पासून एक अट पक्की लागू झाली. पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवायचं, किती कापणार, कुणाला जाणार, आणि नको असेल तर थांबवायची सोय द्यायची. रकमेची मर्यादा आधी पाच हजार होती, २०२२ च्या जूनमध्ये पंधरा हजार झाली, त्याच्या वर ओटीपी. तेव्हा आम्ही सगळ्यांनी कुरकुर केली होती. चित्रपटांच्या, गाण्यांच्या वर्गण्या अडकल्या, हापिसात शिव्या घालून झाल्या. आज मला तो नियम शहाणपणाचा वाटतो. आपोआप चालणाऱ्या कामाने आधी कळवावं आणि माणसाला नको म्हणायला वेळ द्यावा. ब्राउझर चालवणाऱ्या किती अवजारांत ही सोय मुळातून असते? आम्ही उलट अभिमानाने सांगतो, की एकदा लावलं की बघायलाच नको!

बघायला हवं. निदान शेवटचं बटण दाबण्याआधी तरी हवं. पान उघडणं, क्रमांक भरणं, याद्या चाळणं ही कंटाळवाणी कामं यंत्राने खुशाल करावीत. पण ज्याने पैसे जातात, वेळ ठरते, अर्ज कायमचा रवाना होतो, तिथे त्याने थांबावं आणि विचारावं. तेही 'पुढे जाऊ का?' असं मोघम नको. 'बुधवार, ७ ऑगस्ट, सकाळी दहा. घेऊ?' असं विचारलं असतं तर मी झोपेतही 'नको' म्हणालो असतो.

माझी बायको म्हणते की असं सतत विचारत बसलं तर माणूस न वाचताच हो म्हणत सुटतो, तुझ्या 'कन्फर्म्ड'सारखा. बरोबर आहे तिचं. म्हणून दर पायरीला विचारू नये, एकदाच विचारावं, आणि त्या विचारण्यात तो एक तपशील असावा जो चुकला तर सगळं चुकेल. आत्याच्या वहीत एवढ्या पायऱ्या आहेत, पण 'मोठ्याने वाचणे' एकाच ठिकाणी आहे.

वेगाबद्दलही थोडं. माझी स्क्रिप्ट आठ वाजून एका सेकंदाला हजर असायची. मला तेव्हा त्याचं कौतुक होतं. नंतर जाणवलं, मी जी वेळ घेत होतो ती कुठल्यातरी दुसऱ्या आत्याची असणार, जिच्या घरी टेस्टिंग करणारा भाचा नाही. रेल्वेच्या तत्काळ तिकिटांचं हेच झालं. दलालांची सॉफ्टवेअरं सेकंदात तिकिटं उचलायची, मग त्यांना रोखायला एकेक अडसर वाढत गेले, आणि जुलै २०२५ पासून तर ऑनलाइन तत्काळसाठी आधारची पडताळणी लागते. चोरासाठी लावलेलं कुलूप उघडायला घरातल्या म्हाताऱ्यांनाच जास्त वेळ लागतो. ती वेडीवाकडी अक्षरं ओळखा, सिग्नलचे चौकोन निवडा, हे सगळं आत्याच्या डोळ्यांना यंत्रापेक्षा कठीण जातं. सामान्य माणसाला वेगवान अवजार नकोच आहे. त्याला धीराचं अवजार हवं आहे. जे सकाळी आठलाच बसेल पण माणसाच्याच चालीने जाईल, आणि नाही मिळालं तर नाही मिळालं म्हणून प्रामाणिकपणे सांगेल.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आता जुनं झालं. आता एआय आलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने, जानेवारी २०२५ मध्ये ओपनएआयने पडदा 'पाहून' स्वतः क्लिक करणारी यंत्रं लोकांपुढे आणली. त्यांना 'आत्यासाठी गुरुवारची वेळ घे' असं साध्या भाषेत सांगता येतं. ती रकाने मोजत नाहीत, 'गुरुवार' शब्द वाचतात. माझी ती चूक त्यांनी बहुधा केली नसती, हे मोकळ्या मनाने कबूल करतो.

पण त्यांची दुखणी वेगळी. ती पान वाचतात म्हणजे पानावरचं सगळंच वाचतात, तुम्हाला न दिसणारंसुद्धा. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्ह ब्राउझरच्या लोकांनी पर्प्लेक्सिटीच्या कॉमेट या ब्राउझरवर हे करून दाखवलं. एका पानात मजकूर दडवला, वापरणाऱ्याने नुसतं 'या पानाचा सारांश सांग' म्हटलं, आणि यंत्राने त्या दडलेल्या मजकुराला हुकूम समजून त्या माणसाच्या मेलमधला ओटीपी काढून बाहेर टाकला. पोराला दुकानात पाठवावं आणि वाटेत कुणीही 'तुझ्या आईने पाकीट माझ्याकडे द्यायला सांगितलंय' म्हणावं आणि त्याने द्यावं, तसं. पोर हुशार आहे, चटपटीत आहे, पण कुणाचं ऐकायचं ते त्याला कळत नाही. असं पोर दुकानात पाठवताना आपण काय करतो? मोजके सुटे पैसे देतो, पाकीट देत नाही. काकू, म्हणून म्हणतो, बँकेचा पासवर्ड आणि मेल दोन्ही उघडं ठेवून कुठल्याही यंत्राला बिलं भरायला बसवू नका. ते कितीही गोड बोलू दे.

स्क्रिप्ट मी मोडून टाकली नाही. बदलली. आता ती आठ वाजता पान उघडते, सगळं भरते, हिरव्या तारखा शोधते आणि थांबते. मग मी आत्याला फोन लावतो आणि पडद्यावर जे लिहिलंय तेच वाचून दाखवतो. ती विचारते, "वार?" मी वार वाचतो. "तू वाचतोयस की पाठ म्हणतोयस?" हेही एकदा विचारून झालंय. मग ती "दाब" म्हणते आणि हिरवं बटण मी दाबतो. यात कधी कधी वेळ हातची जाते, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मागच्या खेपेला ती आली तेव्हा वहीचं ते पान पुन्हा पाहिलं. खाली निळ्या शाईत एक ओळ वाढली आहे : "भाच्याने झाले म्हटले तरी निरोप स्वतः वाचणे."

काकू, रविवारी फोन करतो. लाइटबिलापासून सुरुवात करू. आधी एक वही आणून ठेवा.